भिंत शाबूत

लेतू आत्रामचा डावा डोळा ज्या सकाळी गेला, त्या सकाळी शेख जहीर त्याच्यापासून चार हातांवर उभा होता. १९६० सालचा जुलै महिना होता. मुकुटबनच्या पलीकडे जंगलात टेंभीपोड नावाची अडतीस घरांची कोलामवस्ती, तिकडच्या बोलीत पोड, होती. आदल्या दिवशी हिवताप निर्मूलनाच्या फवारणी पथकाने तिथल्या सगळ्या घरांच्या भिंतींवर डीडीटी मारली होती. आज पथक पंप घेऊन पुढच्या पोडाकडे निघाले, तर अडतीसच्या अडतीस घरे शेणामातीने नुकतीच सारवलेली, ओली, हिरवट दिसत होती. पांढऱ्या औषधाचा कुठे मागमूस नव्हता.

मुकादम धरमसिंगने कोणाला काही विचारले नाही. सर्वांत पुढे उभा होता तो लेतू, म्हणून त्याने लेतूला धरले आणि पंपाची पितळी नळी त्याच्या तोंडावर हाणली. पहिला घाव गालफडावर बसला आणि दुसरा डोळ्यावर. लेतू ओरडला नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो उकिडवा बसला आणि त्याच्या बोटांच्या फटींतून रक्त मनगटावर उतरू लागले. त्याची बायको आयूबाई शेणाने माखलेल्या हातांनीच धावत आली, तेव्हा धरमसिंगने तिच्याही कमरेत लाथ घातली.

"सरकारचं औषध पुसता? दोन दिवस चिखल तुडवत आलो आमी! अजून कोनाले पुसाचं आहे? या पुढं!"

पुढे कोणी आले नाही. फवारणीवाला रामधन मात्र मागून आला आणि त्याने मुकादमाचा हात धरला.

"अबे सोड ना धरम, मरन तो. मंग त्याले काय वापस आनशीन?"

धरमसिंगने नळी खाली टाकली. तिची तोटी वाकली होती. पुढच्या पोडावर जाण्याआधी ती दगडावर ठोकून सरळ करावी लागली आणि ते काम रामधनने केले. जहीरने काही केले नाही. तो उभ्या जागी उभा राहिला. त्याच्या हातात नोंदवही होती.

शेख जहीर पांढरकवड्याच्या सायकल दुरुस्तीवाल्यांच्या घरातला. आठवी पास झाल्यावर तीन वर्षे त्याने बापाच्या हाताखाली चाकांचे पंक्चर काढले आणि १९५८ साली हिवतापाचे पथक गावात आले तेव्हा त्यात नोकरी धरली. कागदावर त्याचे पद होते कीटक संकलक. पोडापोडांवर त्याला मच्छरवाला म्हणत. पहाट फुटता फुटता गोठ्यात शिरायचे, बॅटरीच्या उजेडात भिंतीवर बसलेला मच्छर हेरायचा, काचेची वाकडी नळी त्याच्यावर धरायची आणि नळीला जोडलेल्या रबरी पाइपातून तोंडाने हलकेच श्वास ओढून तो जिवंत नळीत घ्यायचा. जोराने ओढला तर मच्छर मरतो, आणि हळू ओढला तर उडून जातो. जहीरचा श्वास इतका बेताचा झाला होता की एका दमात तो पाच मच्छर घेई आणि एकाचाही पाय तुटत नसे. मग त्यांतल्या दहा माद्या प्लास्टिकच्या शंकूत घालून तो शंकू फवारलेल्या भिंतीवर अर्धा तास चिकटवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यांतल्या किती मेल्या ते मोजायचे. भिंतीवर औषध असेल तर माद्या मेल्याच पाहिजेत. त्या जगल्या, तर औषध त्यांना पचू लागले असा अर्थ निघे.

"काय जहीरमियां, आज कितीक पोरीइले बाटलीत भरलं?" रामधन रोज विचारी. "घरी सांगू का जमिलाभाभीले?"

जमिलाला सांगण्याची गरज नव्हती. पकडलेल्या माद्या जाळीच्या पिंजऱ्यात जिवंत ठेवायच्या म्हणून जहीर त्यांना स्वतःचा हात देत असे आणि संध्याकाळी त्याचे कोपरापर्यंतचे सुजलेले हात पाहून ती म्हणे, "मच्छराइले रगत पाजता अन् घरी येऊन मले म्हनता अशक्तपना आला. त्याइच्यासंगच निका लावाचा होता ना!"

जहीरच्या नोंदवहीत प्रत्येक घरापुढे एक रकाना होता: भिंतीची स्थिती. भिंत सारवली असेल तर तिथे तसे लिहायचे, आणि अशी भिंत प्रयोगासाठी घ्यायची नाही, असा नियम होता. वही दर शनिवारी मुकादमाच्या हातून कचेरीत जाई. म्हणजे जहीर जे लिहील ते धरमसिंग आधी वाचणार, आणि सारवल्याचे वाचले की पोडावर परत येऊन मारणार.

लेतूच्या घरापुढे जहीरने त्या दिवशी लिहिले, "भिंत शाबूत." आयूबाई दारात बसून नवऱ्याच्या डोळ्यावर ओला फडका दाबत होती. तिने त्याला काही सांगितले नव्हते. फक्त वहीकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. पुढच्या सदतीस घरांपुढेही त्याने तेच दोन शब्द लिहिले, आणि मग शाबूत भिंतीच्या नियमाप्रमाणे त्याच शेणलेल्या भिंतींवर शंकू लावले. मुकादमाने शनिवारी ते वाचले आणि वही तशीच पुढे पाठवली; फुटलेल्या डोळ्याची चौकशी त्यालाही नको होती. पुढच्या वर्षी पथक पुन्हा आले, फवारून गेले, आणि त्याची पाठ वळल्यावर घरे पुन्हा सारवली गेली. आसपासच्या अकरा पोडांवरही तोच प्रकार होता. औषधाच्या वासाने बायका सारवत असतील, असे जहीरने मनाशी ठरवून टाकले होते. तो लिहीत राहिला: भिंत शाबूत, भिंत शाबूत. माद्या अर्थातच जगत होत्या. दहांतल्या आठ, कधी नऊ.

हे आकडे पांढरकवड्याला डॉ. खानझोडे यांच्या टेबलावर जमत होते. पथकाचे ते प्रमुख अधिकारी होते, मेहनती आणि हुशार. पावसाळ्यात त्यांची जीप मुकुटबनच्या पुढे जात नसे, म्हणून पोडावरची भिंत त्यांनी फवारणीनंतर कधी पाहिली नव्हती. आकडे मात्र ते रात्रंदिवस पाहत. बारा पोडांतला मच्छर डीडीटीला दाद देत नाही, हा त्यांच्या मते मोठा शोध होता. दिल्लीच्या परिषदेत वाचण्यासाठी त्यांनी निबंध लिहायला घेतला आणि वह्या कपाटात कुलूपबंद केल्या. नोकरीच्या सुरुवातीला त्यांचा एक शोध वरिष्ठाने स्वतःच्या नावावर छापला होता. तेव्हापासून आपले आकडे छापून येईपर्यंत सख्ख्या भावालाही दाखवायचे नाहीत, असा त्यांचा बाणा होता.

पैनगंगेच्या पलीकडे, आदिलाबादच्या पथकात, डॉ. नरसिंगराव नावाचे अधिकारी होते. त्यांची दोन पत्रे आली. तुमच्या बाजूला माद्या जगतात असे ऐकतो, आमच्या बाजूला मरतात. नदी उन्हाळ्यात गुडघाभर असते, मच्छर एकच आहे. आपण दोघे वह्या समोरासमोर ठेवून पाहू या. माझ्याकडे औषध लावलेले कागद आहेत. त्यांवर परीक्षा केली तर भिंतीचा प्रश्नच येत नाही. हवे तितके कागद पाठवतो. खानझोडे यांनी दोन्ही पत्रे खणात टाकली.

साहेब बोलत नव्हते. पण त्यांचे मच्छरवाले बोलत. पाटणबोरीच्या बाजारात नदीपलीकडचा कीटक संकलक रहमत दर आठवड्याला येई आणि चहाच्या टपरीवर दोघे आपापले आकडे एकमेकांना सांगत.

"माझे शंभरातले सत्त्याण्णव मेले," रहमत १९६२ च्या मे महिन्यात म्हणाला. तो आदिलाबादी हिंदी आणि मराठीची भेळ करून बोले. "तुझे कितने?"

"अठरा."

"अठरा! तुम्हारे यहाँ काय मच्छर मिल्टरीत भरती होते काय रे?"

जहीर हसला नाही.

"सच सांग," रहमतने बशी खाली ठेवली. "तू मच्छर मोजतो का नाई मोजत? का झाडाखाली बसून लिहितो?"

"मोजतो."

"मंग भिंत बघ. मच्छर बराबर असेल तर भिंत खराब आहे."

जहीरने चहा संपवला. रहमतची गावे शेतकऱ्यांची होती. तिथल्या भिंती चुन्याच्या आणि मोठ्या. तिथे कोणी रातोरात सारवत नसे. खरे सांगायचे जहीरच्या जिभेवर आले होते. पण डोळ्यांपुढे पितळी नळी आली आणि तो उठला.

त्याच महिन्याच्या शेवटी खानझोडे यांनी सगळ्यांना कचेरीच्या आवारात उभे केले. मागे हिरवी पिंपे रचलेली होती. प्रत्येकावर कवटी आणि दोन हाडे.

"आपल्या आकड्यांवरून वरून मंजुरी मिळाली आहे," ते म्हणाले. "हे नवे औषध डीडीटीपेक्षा कितीतरी जहाल आहे. बारा पोडांवर याचा प्रयोग करायचा. सुरुवात टेंभीपोडापासून. हातमोज्यांशिवाय कोणी पिंप उघडणार नाही."

हातमोजे पेटीत होते, पेटी कोठीत होती, आणि कोठीवाला लग्नाला गेला होता. फवारणी मात्र बुधवारी ठरली होती, ती बुधवारीच सुरू झाली.

बोलायची वेळ आवारातच होती, हे जहीरला पुढे जन्मभर ठाऊक होते. साहेबांनी "काही शंका?" असे विचारलेही होते. धरमसिंग त्याच्या उजव्या हाताला उभा होता. जहीरने मान खाली घातली.

बुधवारी दुपारपर्यंत सतरा घरे फवारून झाली. नवे औषध तेलकट होते आणि वासाने डोके चढत होते. धरमसिंग पंप दाबत होता, रामधन नळी धरत होता. चार वर्षे ही जोडी एकाच पंपावर होती. नळीच्या सांध्यातून गळती लागली होती आणि रामधनचा सदरा काखेपासून कमरेपर्यंत भिजून अंगाला चिकटला होता. सकाळी त्याने पिंपातले औषध कोपरापर्यंत हात घालून ढवळले होते, आणि त्याच हातांनी भाकर खाल्ली होती.

सतराव्या घरातून तो बाहेर आला आणि म्हणाला, "धरम, माह्यं तोंड वाकडं होऊन राह्यलं का पाह्य बरं."

धरमसिंग हसला. "पह्यलेपासूनच वाकडं आहे तुह्यं."

रामधन लाकडासारखा मागे कोसळला. डोके दगडावर आपटल्याचा आवाज आला. मग त्याचे अंग धनुष्यासारखे वर उचलले गेले, टाचा जमीन उकरू लागल्या, दातांत जीभ सापडली आणि लाल फेस गालांवरून कानात गेला. धरमसिंगने त्याच्या दातांत लाकूड घालायला पाहिले; ते लाकूड कडकन तुटले. जहीर त्याच्या पायांवर बसला, तर त्या पायांनी त्याला दोन हात लांब फेकले. आकडी थांबली, म्हणून सगळ्यांनी श्वास सोडला, तोच दुसरी आली. तिसरीनंतर रामधनचे डोळे उघडे राहिले, पण त्यांना दिसणे बंद झाले होते. छाती अजून वरखाली होत होती.

एवढ्यात दोन अंगणांपलीकडे कोंबड्या पडू लागल्या. पंख फडफडवत गोल फिरायच्या आणि मान टाकायच्या. एका वासराचे पाय लटपटले. टेंभीपोडाच्या माणसांनी रामधनकडे पाहिले, कोंबड्यांकडे पाहिले, आणि मग आपापल्या घरांच्या ओल्या भिंतींकडे पाहिले.

लेतू कुऱ्हाड घेऊनच आला. धरमसिंग रामधनचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. त्याने हात वर केला, पण तो मारण्यासाठी नव्हता. लेतूने कुऱ्हाडीचा मागचा भाग त्याच्या डोक्यात घातला. कातडी फाटली, रक्त रामधनच्या तोंडावर सांडले. मग काठ्या आल्या. धरमसिंगच्या बरगड्यांवर, पाठीवर, पंपावर, पिंपावर काठ्या पडू लागल्या. पंपाची नळी दगडाने चेचून सपाट केली गेली. जहीरच्या कानावर धोंडा बसला आणि काही वेळ त्याला फक्त तोंडे हलताना दिसत होती, ऐकू काही येत नव्हते. माणसे पथकाला सोडून स्वतःच्या घरांवर तुटून पडली. सतरा घरांच्या भिंती त्यांनी कुऱ्हाडींनी फोडल्या. बांबूच्या तट्ट्या उपसून काढल्या, ओढत नेल्या आणि नाल्याच्या काठी टाकल्या. तासाभरात तिथे नुसते खांब आणि छपरे उरली. पोरे छपराखाली उघड्यावर बसून रडत होती.

रामधन मुकुटबनच्या वाटेवर बैलगाडीत गेला. धरमसिंग शेजारी बसला होता. डोक्याला गुंडाळलेले धोतर रक्ताने भरले होते आणि तो रामधनच्या तोंडावरच्या माश्या वारत होता. मेल्यानंतरही वारत होता.

गुरुवारी पोलीस टेंभीपोडावर गेले आणि लेतूसह नऊ माणसांना बांधून घेऊन आले. ठाण्याच्या मागच्या खोलीत त्यांच्या तळपायांवर काठ्या मारल्या जात होत्या. तो आवाज कचेरीच्या खिडकीपर्यंत येत होता. त्या आवाजातच जहीर खानझोडे यांच्या टेबलापुढे उभा राहिला आणि त्याने सांगून टाकले.

"साहेब, मच्छर जुन्या औषधानं मरते. भित्तीवर औषधच नव्हतं. बायका सारवत होत्या. मी दोन वर्सं खोटं लिहिलं."

खानझोडे यांना आधी ते कळलेच नाही. मग कळले. त्यांनी टेबलावरची काचेची दौत उचलून भिंतीवर फेकली. निळे ओघळ दरवाज्याच्या चौकटीपर्यंत आले.

"किती घरांपुढे?"

"सगळ्याइपुढं, साहेब."

"माझा निबंध दिल्लीला गेला आहे. ती पिंपे माझ्या शब्दावर आली आहेत." त्यांचा आवाज खाली आला होता आणि तो जास्त भयंकर होता. "दंगलीत कोण कोण होते याची यादी फौजदार माझ्याकडे मागतो आहे. तुझे नाव त्यात घालायला मला एक ओळ पुरते. उरलेल्या अकरा पोडांवर सोमवारपासून काम सुरू होईल, हातमोजे घालून. तू तोंड उघडायचे नाही. नीघ."

दाराबाहेर बाकावर धरमसिंग बसला होता. डोक्याला पट्टी होती. त्याने सगळे ऐकले होते.

अकरा पोडे आणि चार दिवस, एवढाच हिशेब जहीरच्या डोक्यात राहिला. त्याच्या नुसत्या बोलण्याला किंमत नव्हती. ज्याने दोन वर्षे खोटे लिहिले त्याचे आजचे खरे कोण मानणार? मच्छरांनीच साक्ष दिली पाहिजे. आणि ती साक्ष घेणारे कागद नदीपलीकडे होते.

शुक्रवारी पहाटे तो टेंभीपोडाच्या कडेच्या गोठ्यात शिरला. तिथे फवारणी झाली नव्हती. पुरुष ठाण्यात होते. बायकांनी त्याला पाहिले आणि गोटे मारायला सुरुवात केली. एक खांद्याला लागला, एक पाठीत. आयूबाईने नांगराच्या फाळाचा तुकडा फेकला, तो त्याच्या मांडीत रुतला. जहीर मागे वळला नाही. गोटे बसत असताना त्याचा श्वास मात्र बेताचाच राहिला. चाळीस माद्या त्याने जिवंत घेतल्या, पिंजऱ्याला ओला फडका गुंडाळला आणि लंगडत मुकुटबनची वाट धरली.

पाटणबोरीच्या नाक्यावर आदिलाबादकडे जाणाऱ्या ट्रकांची रांग होती. जहीर रहमतला याच गावात भेटतो हे ठाऊक असलेला धरमसिंग तिथे त्याची वाट पाहत उभा होता. त्याने जहीरच्या हातून पिंजरा घेतला, हळूच एका दगडावर ठेवला आणि मग जहीरच्या तोंडात मारली. जहीर पडला. धरमसिंगने त्याला गचांडी धरून उचलले, उभ्या असलेल्या बैलगाडीच्या चाकाशी नेले, त्याचा उजवा हात लोखंडी धावेवर ठेवला आणि दगड उचलला.

"यानंच लिहिलं ना बे तू? याच हातानं ना?"

दगड तीन वेळा पडला. पहिल्या वेळी जहीर ओरडला. नंतर आवाज फुटला नाही. चहावाला धावून आला, तर धरमसिंगने त्याच्यावरही दगड उगारला.

"एक अक्सर खरं लिहिलं असतं तुनं, तं माहा रामधन जिता राह्यला असता!"

"लिहिलं असतं," जहीर जमिनीवरून म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्त येत होते. "तुनं त्या दिवशी लेतूचा डोळा नसता काढला, तं लिहिलं असतं."

धरमसिंगच्या हातातला दगड तसाच राहिला.

"सोमवारी तुलेच जा लागन," जहीर म्हणाला. "पंपावर तू असशीन. नळीवर दुसरा कोनी तरी रामधन असन. मारून टाक मले, पन तो पिंजरा नरसिंगराव साहेबाकडे पोचव. फडका ओला ठेवजो."

धरमसिंगने दगड टाकला, जहीरला काखेत धरून उचलले आणि एका ट्रकच्या फळीवर चढवले. पिंजऱ्यावरचा फडका चहावाल्याच्या रांजणात भिजवून आणला, पिंजरा त्याच्या मांडीवर ठेवला आणि क्लीनरला म्हणाला, "याले आदिलाबादले उतरव. रस्त्यात कुठी थांबला तं पाह्य."

आदिलाबादला रहमतने त्याचा हात पाहिला आणि त्याला तसेच साहेबांपुढे नेले. नरसिंगराव म्हातारे, ठेंगणे, कानात केस असलेले गृहस्थ होते. त्यांनी आधी हाताला फळ्या बांधवल्या, मग मच्छर मोजले. अडतीस जिवंत होते. औषधाचा कागद नळीत गुंडाळून त्यात वीस सोडले. साध्या कागदाच्या नळीत अठरा. जहीर खुर्चीवर बसून काचेतून पाहत राहिला. पहिल्या पाऊण तासात माद्या उलट्या पडून पाय झाडू लागल्या. त्याला रामधनच्या टाचा आठवल्या. तरी त्याने नजर काढली नाही.

शनिवारी सकाळी वीसपैकी वीस मेल्या होत्या. साध्या कागदातल्या अठरांपैकी सतरा जिवंत होत्या.

"आता वही सांग," नरसिंगराव हिंदीत म्हणाले. "एकेक घर."

फळ्या बांधलेल्या हाताने जहीरला लिहिता येत नव्हते, म्हणून रहमतने लिहिले. बारा पोडे, प्रत्येक घर, प्रत्येक भिंत, जहीर तोंडपाठ सांगत गेला आणि शेवटी म्हणाला, "खाली लिही, या आधीच्या सगळ्या नोंदी शेख जहीरनं खोट्या केल्या."

नरसिंगराव यांनी तारा केल्या आणि या नोंदींच्या तीन प्रती केल्या. पहिली तार त्यांनी खानझोडे यांच्याच नावे केली.

"त्याइलेच काहून?" जहीरने विचारले. "ते दाबून टाकतीन."

"चूक त्यांच्या आकड्यांत आहे. पहिला हक्क त्यांचा," म्हातारा म्हणाला. "दुसरी नागपूरला, तिसरी दिल्लीला. आणि माझ्या वहीची प्रतही जोडतो. माझ्याही चुका कोणीतरी काढू देत."

खानझोडे यांनी तार खणात टाकली. सोमवारी आणि मंगळवारी मिळून दोन पोडांवर नवे औषध मारले गेले. धरमसिंगने सोमवारीच पंपाला हात लावायला नकार दिला आणि तिथेच नोकरी सोडली. मंगळवारी एका फवारणीवाल्याला आकडी आली. तो वाचला, पण त्याची जीभ पुढे कायम जड राहिली. बुधवारी नागपूरहून हुकूम आला आणि पिंपे परत पांढरकवड्याला आली. नऊ पोडे राहिली ती राहिली. खोट्या नोंदींबद्दल शेख जहीरला बडतर्फ करण्यात आले. तो हुकूम वाचताना त्याला त्यात काही चुकीचे दिसले नाही.

पंधरा दिवसांनी लेतू आणि इतर माणसे सुटून आली, तेव्हा जहीर टेंभीपोडावर गेला. जमिलाने दारात आडवे हात धरले होते. तिला बाजूला सारून गेला. पावसाची भुरभुर होती. भिंती पुन्हा उभ्या राहिल्या होत्या, नव्या बांबूच्या. लेतू दारात पाय लांब करून बसला होता. तळवे अजून सुजलेले होते. जहीरने त्याला सगळे सांगितले. काय लिहिले, का लिहिले, आणि त्यातून काय झाले.

लेतू खांबाला धरून उठला.

"आमाले मारतीन म्हून लिहिलं?"

"हो."

"आमाले इचारलं होतं?"

लेतूने दुखऱ्या पायांवर तोल सावरला आणि बंद मुठीने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. जहीर चिखलात बसला. समोरचा दात हलला होता. त्याने डावा हात वर केला नाही.

आयूबाई आतून बाहेर आली होती. जहीरने तोंडातले रक्त थुंकले आणि तीन पावसाळ्यांत पहिल्यांदा विचारले, "बाई, तुमी सारवत कायले होत्या? वासानं?"

"वास कायचा?" ती म्हणाली. "आत आमचा देव आहे. भायेरचा मानूस आत शिरला का घर बाटते. दिवस निघाच्या आत समदं घर सारवा लागते. नाई सारवलं तं चूल पेटत नाई आमची."

"अन् आतमंदी तुमच्यातल्याच मानसानं औषध मारलं तं?"

"मंग कायले सारवू?" आयूबाईला प्रश्नच वेडगळ वाटला. "घरच्या मानसानं बाटते काय घर? नळी आमच्या हाती देल्ली असती, तं आमीच मारलं असतं."

जहीरला लिहायला हात नव्हता. चिखलात बसल्या बसल्या त्याने ते वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणून घेतले.